स्वराज द्वीपावरचा स्कूबा मुक्काम: खोलीला सहा गुण, डाइव्ह सेंटरला नऊ

अंदमानातील स्वराज द्वीपावर, म्हणजे २०१८ पर्यंतच्या हॅवलॉकवर, विजयनगर किनाऱ्यालगतच्या एका रिसॉर्टमध्ये राहून माझ्या मुलीने आणि मी स्कूबा डायव्हिंगचा ओपन वॉटर, म्हणजे पहिल्या पातळीच्या प्रमाणपत्राचा, अभ्यासक्रम पूर्ण केला. राहणे, न्याहारी आणि प्रशिक्षण असे एकत्रित पॅकेज आम्ही घेतले होते. माझ्या यजमानांना पाण्याखाली जाण्यात रस नसल्यामुळे ते नुसतेच पाहुणे म्हणून आले होते, आणि त्यांच्यामुळे मला या सुट्टीची कोरडी बाजूही नीट पाहता आली. पॅकेजमधील दोन सेवांचा दर्जा इतका वेगवेगळा निघाला की दोन्हींना मिळून एकच गुण देणे अन्यायाचे ठरेल. रिसॉर्टला मी दहापैकी सहा देते, त्याच आवारातील डाइव्ह सेंटरला नऊ. नाव मात्र मुद्दाम देत नाही. एक तर पुढे काही तक्रारी आहेत. दुसरे म्हणजे अशा सेंटरांतील इन्स्ट्रक्टर मंडळी हंगामागणिक बदलतात आणि त्याच पाटीखाली पुढच्या वर्षी निराळीच माणसे भेटू शकतात. काय पाहून निवड करावी, हे कळणे मला पाटीपेक्षा महत्त्वाचे वाटते.

आखणीपासून सुरुवात करते, कारण बहुतेकांची सुट्टी तिथेच बिघडते. आमचा पहिला कार्यक्रम पुण्यातील एका सहल कंपनीने करून दिला होता. मराठी माणूस अंदमानला निघाला की सेल्युलर जेल आधी, हे गृहीत धरून त्यांनी पहिला दिवस तिथे दिला होता. मग स्वराज द्वीप, तिथले राधानगर आणि एलिफंट बीच हे किनारे. आणि शेवटच्या दिवशी सकाळी ‘स्कूबा’, दुपारची फेरी व त्याच संध्याकाळचे विमान. कागदावर हे सुटसुटीत दिसते, पण शरीराच्या दृष्टीने ते धोक्याचे आहे. पाण्याखाली दर दहा मीटरला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो आणि त्या दाबाखाली घेतलेल्या श्वासातील नायट्रोजन रक्तात व ऊतींमध्ये अधिक प्रमाणात विरघळतो. तो हळूहळू, श्वासावाटेच बाहेर पडावा लागतो. विमानाच्या केबिनमधील दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका ठेवलेला असतो. तेवढ्या दाबात हा उरलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने मोकळा होऊ लागला, तर सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत काहीही होऊ शकते. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेची शिफारस अशी आहे की एकाच साध्या बुडीनंतर किमान १२ तास, आणि एकाहून अधिक बुड्या किंवा सलग अनेक दिवस बुड्या झाल्या असतील तर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा. आमच्या इन्स्ट्रक्टरने चोवीस तासांचा आग्रह धरला आणि मला तो योग्य वाटला.

म्हणून अशी सहल परतीच्या विमानापासून मागे मोजत यावी. शेवटचा पूर्ण दिवस कोरडा ठेवावा, आणि तो पोर्ट ब्लेअरमध्ये, म्हणजे २०२४ पासूनच्या श्रीविजयपुरममध्ये, घालवावा. आम्ही सेल्युलर जेल त्या दिवसावर टाकले आणि ते दोन्ही बाजूंनी सोयीचे झाले. घाईने पाहण्याजोगी ती वास्तू नव्हेच. एकेका कोठडीपुढे थांबायला, सावरकरांच्या कोठडीशी जरा वेळ उभे राहायला आणि संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम पाहायला आख्खा दिवस हाताशी होता.

जाता जाता एक गोष्ट आपल्याकडच्या मंडळींसाठी. उंचीचा हा नियम केवळ विमानालाच लागू नाही. सहाशे मीटरच्या वर चढणेही त्यातच धरले जाते आणि आंबोलीचा घाटमाथा सुमारे सातशे मीटरवर आहे. मालवणला पर्यटकांना देतात ती उथळ पाण्यातली बुडी असेल तर चिंता फारशी नाही. पण ज्यांनी तारकर्लीला रीतसर प्रशिक्षण घेतले आहे आणि दिवसभरात दोन-तीन खोल बुड्या मारल्या आहेत, त्यांनी त्याच संध्याकाळी गाडी घाटाला लावू नये. हे कोकणात आवर्जून सांगणारे मला फारसे भेटलेले नाहीत.

विमानानंतर फेरीचा विचार करावा. श्रीविजयपुरमहून स्वराज द्वीपाला खासगी वेगवान बोटी दीड ते दोन तासांत पोचवतात, सरकारी फेरीला अधिक वेळ लागतो. समुद्र खवळला की दोन्ही रद्द होतात. त्यामुळे बेटावर पोचण्याच्या दिवशी बुडीचे वेळापत्रक लावून घेऊ नये आणि अभ्यासक्रमासाठी सांगितलेल्या दिवसांत एक दिवस वरकड धरावा. हंगाम जानेवारी ते एप्रिल हा सर्वांत भरवशाचा असतो. समुद्र शांत असतो, पाण्याचे तापमान २७ ते २९ अंशांच्या आसपास राहते आणि पाणी नितळ असते. मेच्या उत्तरार्धात नैर्ऋत्य मोसमी पाऊस येतो आणि पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्येकडचाही येतो, हे दिवाळीच्या सुट्टीत जाणारे विसरतात. दिवाळीत बुड्या होत नाहीत असे नाही, पण दोन दिवस खिडकीत बसून पाऊस पाहण्याची तयारी हवी.

आता डाइव्ह सेंटर. बुकिंग करताच त्यांनी पैशांच्या आधी वैद्यकीय प्रश्नावली पाठवली, आणि माझे मत तिथेच अनुकूल झाले. दमा, फिट, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, चालू औषधे अशा गोष्टींची ती यादी असते आणि ठरावीक प्रश्नांना ‘होय’ उत्तर आले तर डॉक्टरांची लेखी परवानगी लागते. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. हे कळवल्यावर त्यांनी ‘काही होत नाही, या’ असे न म्हणता डॉक्टरांकडून भरून घेण्याचा अर्ज पाठवला आणि तो पोचेपर्यंत आगाऊ रक्कम स्वीकारली नाही. चौकशी केलेल्या दुसऱ्या एका ठिकाणी तोच अर्ज किनाऱ्यावर पोचल्यावर, वेटसूट चढवता चढवता सही करून घेतात असे मला निर्विकारपणे सांगण्यात आले होते. त्या सहीला काय अर्थ राहतो?

अभ्यासक्रमाचा सैद्धांतिक भाग घरूनच ऑनलाइन करता येतो आणि तसाच करावा. बेटावरचा वेळ पडद्यापुढे घालवणे परवडत नाही. प्रत्यक्ष शिक्षण उथळ पाण्यात सुरू होते. आधी पोहण्याची चाचणी असते: न थांबता २०० मीटर पोहणे आणि दहा मिनिटे आधाराविना तरंगणे. वेगाला महत्त्व नाही. त्यानंतर कौशल्ये शिकवतात, आणि त्यांतले सर्वांत नकोसे वाटणारे म्हणजे मास्कमध्ये मुद्दाम पाणी घेऊन ते नाकाने हवा सोडत बाहेर काढणे. छातीएवढ्या पाण्यात गुडघे टेकून बसलेला आमचा इन्स्ट्रक्टर स्वतः आधी ते अगदी सावकाश, प्रत्येक हालचाल सुटी करून दाखवीत असे, आणि मग बोटाने आमच्याकडे निर्देश करी. माझ्या नाकात पाणी गेले, ठसका लागला, मी उठून उभी राहिले. त्याने घाई केली नाही. ‘दीदी, जल्दी किसको है,’ एवढेच म्हणून तो पुन्हा गुडघ्यांवर बसला. एका इन्स्ट्रक्टरकडे आम्ही दोघीच होतो. नियमाने या अभ्यासक्रमात एकाकडे आठ विद्यार्थी देता येतात, आणि हंगामाच्या ऐन गर्दीत काही ठिकाणी तेवढे देतातही. बुकिंगपूर्वी हा आकडा विचारून घ्यावा.

साहित्याबाबत एक दृश्य सांगण्यासारखे आहे. प्रत्येक बुडीपूर्वी आम्ही एकमेकींचे साहित्य तपासायचे, असा शिरस्ता होता, आणि त्यातली एक पायरी मला फार आवडली. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासासाठी देणारे उपकरण, तोंडात धरून दोन-तीन खोल श्वास घ्यायचे, पण त्या वेळी नजर दाबमापकाच्या काट्यावर ठेवायची. काटा जागचा हलला नाही तर ठीक. श्वासाबरोबर तो खाली लवून पुन्हा वर येत असेल, तर सिलिंडरची झडप पूर्ण उघडलेली नाही असे समजावे. किनाऱ्यावर हे कळले तर चावी फिरवून काम भागते, पंधरा मीटरवर कळले तर भागत नाही. एका सकाळी मुलीच्या सिलिंडरचा काटा असाच लवला. बोटीवरच्या मदतनिसाने झडप उघडायची ती अर्धवट उघडली होती. इन्स्ट्रक्टरने त्याला आमच्यासमोर रागावणे टाळले, पण परतल्यावर त्याच्याकडून सगळे सिलिंडर पुन्हा तपासून घेतले. चूक होणारच नाही अशी खात्री मला कोणत्याही सेंटरकडून नको असते. ती पकडली जाईल अशी व्यवस्था हवी असते.

या सिलिंडरांना आपल्याकडे सर्रास ‘ऑक्सिजन सिलिंडर’ म्हणतात. त्यांत असते ती साधी, गाळून दाबाखाली भरलेली हवा. साधारण २०० बार (बार हे दाबाचे एकक) दाबापासून सुरुवात होते आणि ५० बार शिल्लक असताना पृष्ठभागावर परतायचे असते. हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरजवळ डिझेलचा धूर येत असेल किंवा श्वासाला तेलकट वास येत असेल, तर ते सिलिंडर खुशाल परत करावे. इथला कॉम्प्रेसर स्वतंत्र खोलीत होता, त्याची हवा घेणारी नळी छपराच्या वर काढली होती आणि गाळण्या बदलल्याच्या तारखा भिंतीवर लिहिल्या होत्या. विचारल्यावर त्यांनी तो आनंदाने दाखवला.

खुल्या समुद्रातल्या दुसऱ्या बुडीच्या वेळी मुलीचा उजवा कान मोकळा होईना. खाली जाताना नाक चिमटीत धरून हळूच फुंकर घालायची आणि कानावरचा दाब समतोल करायचा, हे दर मीटरला करावे लागते. आदल्या दिवशीच्या सर्दीने तिचे ते जमत नव्हते. इन्स्ट्रक्टरने तिला मीटरभर वर नेले, थांबवले, पुन्हा प्रयत्न करू दिला, आणि तरी जमत नाही असे दिसल्यावर बुडी तिथेच संपवली. ती राहिलेली बुडी पुढे जादा पैसे न घेता पूर्ण करून दिली. वरकड दिवस ठेवला होता तो इथे उपयोगी पडला, नाहीतर ती प्रमाणपत्राविना परतली असती. सर्दीची गोळी घेऊन पाण्यात उतरण्याचा तिचा बेतही त्याने मोडून काढला, कारण खोलवर असताना गोळीचा असर उतरला तर वर येताना कानात वा सायनसमध्ये हवा अडकून पडते.

शिक्षणाच्या बुड्या निमो रीफवर आणि लाइटहाउसजवळ झाल्या. ओपन वॉटरची मर्यादा १८ मीटर आहे आणि या बेटाभोवतालच्या ज्या ठिकाणांची छायाचित्रे आपण पाहतो, त्यांतली काही त्याहून खोल आहेत. जॉनीज गॉर्ज आणि डिक्सन्स पिनॅकल ही त्यांतली नामांकित. दोन्ही नावे इथल्या करेन समाजातील पाणबुड्यांवरून पडलेली आहेत. हा समाज इंग्रजांच्या काळात ब्रह्मदेशातून येऊन अंदमानात स्थायिक झाला, आणि समुद्र त्यांच्याइतका क्वचितच कोणाला कळतो. आम्हाला तिकडे नेण्यास सेंटरने स्वच्छ नकार दिला. आधी ३० मीटरपर्यंतचा अॅडव्हान्स्ड अभ्यासक्रम करा, असे सांगितले. जास्त पैसे मोजायची तयारी असलेल्या एका मंडळींनाही तेच उत्तर मिळताना मी ऐकले. नऊ गुणांतला एक गुण त्या नकाराचा आहे.

पाण्याखाली काय दिसले, याबद्दल मात्र जाहिरातींपेक्षा जरा हात राखून सांगावे लागेल. २०१० साली समुद्राचे तापमान वाढून अंदमानातील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडून मेले आणि उथळ भागातील हानी अजून दिसते. निमो रीफवर करड्या, शेवाळ चढलेल्या प्रवाळाचे पट्टेच्या पट्टे आहेत, आणि त्यांच्या मधूनच नव्या वाढीचे ठिपके. माशांची मात्र रेलचेल आहे: समुद्रफुलांच्या झुपक्यात राहणारे नारिंगी निमो, पंख पसरून स्थिर राहणारा लायनफिश, कपारीतून तोंड उघडझाप करणारी वाम, आणि लाइटहाउसच्या एका खडकाखाली ताटाएवढ्या तोंडाचा गोब्रा, जो बाजारात पाहण्याची सवय असलेल्या माणसाला जिवंत पाहताना क्षणभर ओळखू येत नाही. मालवणच्या पाण्याशी तुलना अनेक जण करतात. मालवणला दृश्यमानता कमी, पण खर्च व प्रवास कितीतरी कमी. स्कूबा आपल्याला झेपते का, एवढेच पाहायचे असेल तर सिंधुदुर्ग किल्ल्याजवळची एक बुडी पुरेशी आहे. त्यासाठी अंदमान गाठू नये. अंदमानला जायचे ते शिकायला किंवा शिकून झाल्यावर.

रिसॉर्टविषयी आता. खोल्या स्वच्छ, नारळीच्या सावलीत, आणि वीज गेली तर जनित्र लगेच सुरू होत असे. पण संकेतस्थळावरची छायाचित्रे भरतीच्या वेळची आहेत. बेटाच्या या पूर्वेकडच्या किनाऱ्यावर ओहोटीला पाणी खूप मागे हटते आणि उरतो तो खडकांचा व मेलेल्या प्रवाळाचा पसारा, ज्यात अनवाणी चालणेही कठीण. ‘खोलीसमोर पोहा’ हे वचन दिवसातले काही तासच खरे असते. हा दोष निसर्गाचा नव्हे, न सांगण्याचा आहे.

त्याहून मोठी तक्रार न्याहारीची. अंदमानात सूर्य पाचच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी साडेपाचला अंधारू लागते. त्यामुळे डाइव्हच्या बोटी सकाळी लवकरच सुटतात. आमची डुंगी, म्हणजे इथली लहान बोट, सव्वासहाला निघे आणि रिसॉर्टचे स्वयंपाकघर साडेसातला उघडे. पॅकेजमध्ये न्याहारीचे पैसे भरलेल्या पाहुण्यांना त्यांनी रोज बिस्किटे आणि एक केळे दिले. परतेपर्यंत न्याहारी संपलेली असे व जेवणाचे बिल वेगळे. डायव्हर पाहुण्यांवरच ज्यांचा व्यवसाय चालतो, त्यांना रात्रीच इडल्या किंवा पराठे बांधून ठेवणे अवघड नसावे. दोनदा विनंती करूनही व्यवस्थापकांनी ‘कळवतो’ यापलीकडे काही केले नाही. रात्रीचे जेवण मात्र उत्तम. स्वयंपाकी बंगाली होते, बेटावरची बरीचशी वस्तीच पूर्व बंगालातून आलेल्या कुटुंबांची आहे, आणि त्यांचे मोहरीतले मासे मी परत परत मागवले. शाकाहाऱ्यांनी डाळ, भात आणि बटाटा यांवर भागवण्याची तयारी ठेवावी. ओले वेटसूट वाळवायला दोरी नाही, साहित्य धुवायला गोड्या पाण्याची टाकी मात्र आहे, आणि तीही डाइव्ह सेंटरची.

इंटरनेट पूर्वीसारखे दुर्मीळ राहिलेले नाही. २०२० मध्ये चेन्नईहून आलेली समुद्राखालची केबल स्वराज द्वीपापर्यंत पोचली आहे. रिसॉर्टचे वायफाय मात्र स्वागतकक्षापुरतेच.

यजमानांचे दिवस राधानगरच्या वाळूवर आणि एलिफंट बीचच्या स्नॉर्केलिंगमध्ये चांगले गेले. राधानगरला जाणाऱ्यांनी जीवरक्षकांच्या सूचना गंभीरपणे घ्याव्यात. त्या किनाऱ्याच्या टोकाच्या नील्स कोव्हजवळ २०१० मध्ये खाऱ्या पाण्यातल्या मगरीने एका परदेशी पर्यटक महिलेचा बळी घेतला होता, आणि तो भाग पोहण्यासाठी बंद आहे. शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे उचलून आणू नयेत, हेही सांगायला हवे. प्रवाळ आणि काही शंख वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात आणि विमानतळावर सामानातून काढून घेतले जातात.

पैशांबाबत: ओपन वॉटरचा खर्च माणशी तीस हजारांच्या आगेमागे येतो आणि तो मला वाजवी वाटला. हवामानामुळे बुडी रद्द झाली तर पैसे परत की पुढची तारीख, वैद्यकीय कारणाने सोडावी लागली तर काय, आणि सर्वांत जवळचे रीकंप्रेशन चेंबर (नायट्रोजनच्या बुडबुड्यांचा त्रास झाल्यास पुन्हा दाबाखाली ठेवून उपचार करण्याची खोली) कोठे व तिथवर नेण्याची सोय काय, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. आमच्या सेंटरने तिन्हींची उत्तरे एकाच दिवसात पाठवली. साध्या प्रवासविम्यात स्कूबा बहुधा वगळलेले असते, म्हणून डायव्हिंगचा स्वतंत्र विमा घ्यावा.

अॅडव्हान्स्डसाठी येत्या फेब्रुवारीत पुन्हा जाण्याचे ठरते आहे. सेंटर तेच राहील; त्यांनी बाहेर राहणाऱ्यांनाही प्रवेश देतो असे कळवले आहे. राहण्याची सोय मात्र या वेळी गोविंदनगर बाजाराजवळच्या एखाद्या घरगुती मुक्कामात पाहणार आहोत, जिथे पहाटे साडेपाचला गरम पुरी-भाजी मिळते, अशी चौकशी यजमानांनी परतण्याआधीच करून ठेवली आहे.